साडेतीन हजारांचा खड्डा

एका सिलिंडरची मोटरसायकल बिघडली की माणूस मेकॅनिककडे जातो. तीन सिलिंडरची बिघडली की तो विचार करायला बसतो.

आमच्या सोसायटीतले काका हे असे बसलेले गृहस्थ. पिंपरीच्या एका कारखान्यात आयुष्यभर क्वालिटी कंट्रोलमध्ये होते. दुसऱ्याने बनवलेले पार्ट उजेडाकडे धरून नापास करायचे, हा पेशा. निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशांतून त्यांनी सेकंडहँड पण देखणी, विलायती जातकुळीची, तीन सिलिंडरची गाडी घेतली. कंपनीचं नाव ते मला लिहू देत नाहीत. "दोष अजून सिद्ध व्हायचाय. उगाच कुणाची बदनामी नको."

दोष असा. तीन हजार आरपीएमपर्यंत गाडी गुणी बाळ असते. साडेतीन हजारांच्या आसपास मात्र थ्रॉटल पिळावा आणि काहीच होऊ नये. गाडी गुदमरते, मनाशी काही तरी ठरवते आणि साडेचार हजारांनंतर एकदम सुटते. बाकीचं जग याला फ्लॅट स्पॉट म्हणतं, काका खड्डा म्हणतात. दुर्दैव एवढंच की पुण्याच्या रहदारीत गाडीचा मुक्काम नेमका या साडेतीन हजारांतच असतो. पाच हजारांची मजा चाखायची तर कोथरूडहून निदान खेड शिवापूर गाठावं लागतं.

पार्किंगमध्ये काका दिसले आणि "अरे, वेळ आहे का?" असं म्हणाले, तर नसल्याचं सांगावं. मला कधी जमलं नाही. त्यामुळे क्रँकवर तिन्ही पिन १२० अंशांवर असतात आणि दर २४० अंशांना एक स्फोट होतो, हे मला झोपेतही सांगता येतं. दोन सिलिंडरचा दणका आणि चार सिलिंडरची सफाई यांच्यामधलं ते सुख कसं, हे सांगताना काका डोळे मिटतात. मग इतिहास. १९६८ साली इंग्रजांनी ट्रायडेंट आणि रॉकेट थ्री काढल्या, पुढच्याच वर्षी होंडाने चार सिलिंडर आणून त्यांच्या तोंडचा घास पळवला. याचा काकांना अजून राग आहे. १९६९ची कावासाकी म्हणजे ४९८ सीसी, टू-स्ट्रोक, ६० हॉर्सपॉवर. खाली सुस्त आणि वर गेली की पुढचं चाक हवेत. "म्हणजे हे घराण्यातच आहे," असं मी एकदा म्हणून बसलो. काका म्हणाले, "तिचा प्रश्न वेगळा." आणि तो वेगळा प्रश्न दिवेलागणीपर्यंत चालला.

एक मान्य करायला हवं. काकांचं निदान कच्चं नसतं. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, हे प्रमाण धुराच्या नियमांना मानवतं. इंजिनाला जोर करायचा तर साधारण १३ला एक असं थोडं जास्त पेट्रोल लागतं. धुराच्या आणि आवाजाच्या चाचण्यांचा बराचसा भाग खालच्या-मधल्या आरपीएमला होतो, म्हणून कारखाने पुष्कळदा तिथेच हात आखडतात. त्यात एक्झॉस्टमधून उलट येणारी दाबाची लाट एखाद्या ठरावीक आरपीएमला चुकीच्या वेळी व्हॉल्व्हपाशी पोचते. शिवाय प्रत्येक सिलिंडरला हवेची स्वतंत्र झडप. दार सताड उघडं असेल तर केसभर फरक कळत नाही, किलकिल्या फटीत तोच फरक फार होतो. म्हणून तीन झडपांतली एखादी आळशी असली तर ती वर खपून जाते, खाली उघडी पडते.

या झडपा जुळवण्यासाठी गेज मिळतात. पण काकांचा विकतच्या गेजवर विश्वास नाही. ते कुणी पास केलं, हे त्यांना माहीत नसतं. त्यांनी नातवाचा ड्रॉइंग बोर्ड घेतला, फिश टँकची पारदर्शक नळी त्यावर इंग्रजी यूच्या आकारात ठोकली आणि तीत हिरवं टू-स्ट्रोक ऑइल भरलं. नळीचं एक टोक पहिल्या सिलिंडरच्या व्हॅक्यूमला, दुसरं दुसऱ्याच्या. ज्याची ओढ जास्त, तिकडे तेल चढतं. स्क्रू फिरवून दोन्हीकडची पातळी सारखी करायची. मग तिसरा दुसऱ्याशी जुळवायचा, तोवर पहिल्याने जागा सोडलेली असते. एका रविवारी ओढ इतकी विषम निघाली, की दुसऱ्या सिलिंडरने सगळं तेल गटकन पिऊन टाकलं. पांढऱ्या धुराने बी विंग दिसेनाशी झाली. महापालिकेची डासांची फवारणी आली समजून लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. सी विंगने सोसायटीच्या ग्रुपवर लेखी तक्रार टाकली: आमच्याकडे फवारणी का नाही?

काकांकडे एक वही आहे. रकाने असे: तारीख, तापमान, पेट्रोल पंप, गिअर, आरपीएम, टक्कर, शेरा. टक्कर म्हणजे खड्डा आला की मागे बसलेल्या काकूंचं हेल्मेट काकांच्या हेल्मेटवर आपटतं, ती. चांदणी चौक ते पिरंगुट एवढ्या पट्ट्यात किती टक्करी झाल्या, यावरून खड्ड्याची खोली ठरते. काकू नसतील तर नोंद ग्राह्य नाही. बरेच महिने काकूंचा समज होता, की आपल्याला ताम्हिणीला फिरायला नेतात. त्या डब्यात थालीपीठंही घ्यायच्या.

मध्यंतरी नाना पेठेतल्या एका पोऱ्याने इंजिन चालू ठेवून इनटेकच्या रबरांवर कार्ब क्लीनरचा फवारा मारला. तिसऱ्या रबरापाशी आरपीएम हलला. रबर चिरलेलं होतं, तिथून चोरून हवा जात होती. त्याने नवं घातलं आणि टक्करी निम्म्यावर आल्या. काका आठवडाभर घुश्शात होते. "त्याने मोजलं काहीच नाही," म्हणाले. उरलेल्या निम्म्यासाठी बाणेरचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला, इसीयूत दुसरा मॅप टाकतो म्हणाला. काकांनी आधी मॅपचे आकडे मागितले. आरपीएम आणि थ्रॉटलचा तो लांबलचक तक्ता त्यांनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "यावर सही कुणाची?" मुलगा चहा न घेताच गेला.

परवा ताम्हिणीच्या चढावर खड्डा आला, टक्कर झाली. काकू मागून म्हणाल्या, "अहो, एक गिअर खाली टाका ना." काकू बँकेत होत्या आणि नोकरीभर त्यांनी एम-८० चालवली. चढ आला की मूठ फिरवून गिअर खाली, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. काकांनी गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं.

"अगं, गिअर टाकला की आरपीएम पाच हजारांवर जाणार. खड्डा लागणारच नाही."

"मग बरंच की."

"बरं कसं? आज तिला गिअरची सवलत दिली, उद्या ती क्लच मागेल."

काकूंनी काही न बोलता पर्समधून पेन काढलं. त्या दिवसाच्या नोंदीपुढे, शेऱ्याच्या रकान्यात, बँकेतल्या वळणदार अक्षरांत लिहिलं आहे: 'गाडी ठीक. चालकाची फेरतपासणी आवश्यक.' खाली तारीख घालून सही केली आहे. सही आहे म्हटल्यावर काकांना ती नोंद खोडता येत नाही.