यादी येत आहे

वेबपानाच्या ज्या स्वतंत्र तुकड्याला प्रोग्रामर मंडळी 'कंपोनंट' म्हणतात, त्याला एखादी यादी दाखवायला सांगणे हे वरकरणी किराणा दुकानाच्या फळ्यावर भाव लिहिण्याइतके सोपे वाटते. परंतु फळ्याजवळ दुकानदार स्वतः उभा असतो, तर कंपोनंटची यादी दूरच्या सर्व्हरकडून यायची असते आणि ती केव्हा येईल, कशी येईल, मुळात येईल की नाही, याचा त्या बिचाऱ्याला पत्ता नसतो. या अनिश्चित व्यवहाराला 'असिंक्रोनस' असे भारदस्त नाव आहे. त्याचा अर्थ एवढाच, की कोणाला बाजारात धाडले म्हणून तो परतेपर्यंत घरातली बाकीची कामे खोळंबू द्यायची नाहीत.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला, आणि पान पुन्हा न उघडता मागच्या मागे माहिती मागवण्याची सोय १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत आली. पुढे २०१५ च्या भाषाप्रमाणात 'प्रॉमिस', म्हणजे वचन, ही वस्तू अधिकृतपणे दाखल झाली. हे वचन प्रलंबित असते, पाळले जाते किंवा मोडले जाते. आणि एकदा पाळले किंवा मोडले गेले, की त्यात पुन्हा बदल होत नाही. मानवी व्यवहारात मात्र वचनांचा कायमचा मुक्काम पहिल्याच अवस्थेत असल्यामुळे नवशिक्याला ही संकल्पना समजायला जड जात नाही, तिच्यावर विश्वास ठेवायला जड जाते.

२०१३ साली सर्वांना खुल्या झालेल्या रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत हे नाट्य विशेष रंगते. कंपोनंट पहिल्यांदा रंगवला जातो तेव्हा यादी आलेली नसते. तिच्या जागी 'अनडिफाइन्ड' नावाची पोकळी असते, आणि त्या पोकळीतून एकेक ओळ काढून मांड, असा हुकूम सुटला, की यादीच्या विरहाने अख्खे पान पांढरे पडते. यावरचा प्रसिद्ध उतारा म्हणजे आरंभी रिकामी यादी देऊन ठेवणे. त्यामुळे पान वाचते. पण खिडकीवरचा कारकून मान वर करण्याआधीच 'नाही' म्हणतो, तसा पडदाही शोध सुरू होण्यापूर्वीच 'काहीही आढळले नाही' असे जाहीर करून मोकळा होतो.

माहिती मागवण्याचे काम ज्या 'यूजइफेक्ट'मध्ये लिहितात, तो केव्हा पुन्हा चालवायचा हे सांगणारी एक छोटी यादी त्याला जोडावी लागते. ती विसरली, तर माहिती आली म्हणून कंपोनंट पुन्हा रंगतो, रंगला म्हणून पुन्हा माहिती मागवतो, आणि जिलबीचा आग्रह करणाऱ्या यजमानाला पाहुण्याने हात आडवा धरला तरी ते आणखी वाढण्याचेच निमंत्रण वाटावे, तसा हा क्रम सर्व्हर थकेपर्यंत चालू राहतो.

माहिती मागवायला धाडलेला 'फेच' हा निरोप्या तर प्रामाणिकपणाचा अर्क होय. मागितलेली वस्तू नाही, असे सांगणारा ४०४ हा आकडा सर्व्हरने दिला, तरी तो वचन मोडल्याचे कबूल करत नाही; घराला कुलूप होते ही बातमी त्याने सुखरूप आणलेली असते आणि त्याच्या मते काम फत्ते झालेले असते. कुलपाची चौकशी 'ओके' या गुणधर्माकडे वेगळी करावी लागते.

निरोपे एकाहून अधिक असले, की घोटाळा वाढतो. शोधपेटीत कोणी 'सा' टाइप करून पुढे 'सातारा' पूर्ण केले आणि पहिल्या मागणीचे उत्तर रेंगाळत शेवटी पोहोचले, तर वर सातारा लिहिलेले असून खाली सांगली, सासवड व सावंतवाडी दिमाखात बसलेली दिसतात. म्हणून नवी मागणी करताना जुनी रद्द करणारा 'अबॉर्टकंट्रोलर' वापरतात. यादी अखेर नीट आली, तरी प्रत्येक ओळीला 'की' नावाची स्वतःची ओळख द्यावी लागते. आळसाने तिथे रांगेतला क्रमांक दिला आणि रांगेच्या तोंडाशी कोणी नवा घुसला, तर प्रत्येकाचे नाव पुढच्याच्या गळ्यात पडते आणि एकाच्या चौकटीत लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या ओळीत दिसू लागतो.

या साऱ्या गोंधळाचे मूळ तंत्रात कमी आणि व्याकरणात अधिक आहे. 'येत आहे', 'आली', 'आली पण रिकामी' आणि 'येणार नाही' ही चार वेगळी विधाने आहेत. रेशन दुकानासमोर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला 'माल आला नाही' आणि 'माल संपला' यांतला फरक कोणी शिकवावा लागत नाही. प्रोग्रामर मात्र 'आली' या एकाच विधानासाठी शंभर ओळी खपवतो आणि उरलेली तीन दैवावर सोडतो. तेव्हा पडद्यावर गोल चक्र अखंड फिरत राहिले, तर यादी येत आहे अशी आशा वाचकांनी फार वेळ बाळगू नये. ती येणार नाही, हे सांगणारी ओळ कोणीतरी लिहायची विसरला आहे, एवढेच बहुधा समजावे.