पिकअपची घरगुती दुरुस्ती व सुधारणा : मालकांसाठी मार्गदर्शिका

यवतमाळ जिल्ह्यात तालुके १६ आणि पिकअपमधलं कळणारी माणसं दर पानठेल्यामागे किमान चार. असं असताना लेखी मार्गदर्शनाची गरज काय, असा प्रश्न कुणी विचारील. गरज आहे. आजवर हे ज्ञान तोंडी चालत आलं, त्यामुळे एका गावात बिघडवलेली गाडी दुसऱ्या गावात त्याच पद्धतीने बिघडवता येत नाही. शास्त्र म्हटलं की एकवाक्यता हवी.

कंपनीनेही एक पुस्तिका दिलेली असते. ती डॅशबोर्डच्या खणात, विम्याच्या कागदांखाली, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर न काढलेल्या अवस्थेत सापडेल. तिला हात लावू नये. ज्या गाडीत सांगितलं तेवढंच वजन भरतात आणि जी डांबरी रस्त्यावरून चालते, अशा गाडीसाठी ती लिहिलेली आहे. आपली गाडी वेगळी आहे. ती पांदण रस्त्याने जाते.

या शास्त्राचा मूळ सिद्धांत आधी पाठ करून घ्यावा : बिघाड नाहीसा होत नाही, त्याची बदली होते. ग्रामसेवकासारखंच आहे. इथून तक्रार झाली की तो तिकडे रुजू होतो. घरगुती दुरुस्ती म्हणजे त्याच्या बदलीचा आदेश काढणं, एवढंच.

१. साहित्य

पान्यांचा सेट (त्यातला १२-१३ चा पाना शेजारी गेलेला असतो, तो शेजाऱ्याने पुढे कुणाला दिला हे विचारू नये). पक्कड, पेचकस, बाइंडिंग तार, एम-सील, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, काळी टेप. शिवाय मोबाइलचा टॉर्च धरायला एक पोरगा. हा पोरगा सर्वांत महत्त्वाचं साहित्य होय. काम नीट झालं नाही तर उजेड नीट धरला नव्हता, हे कारण त्याच्यामुळे आयतं मिळतं.

२. निदान

बॉनेट उघडावं. दुसरं काही करायची गरज नाही. थोड्याच वेळात न बोलावता समिती जमते. चालू न होणाऱ्या गाडीवर समितीचे अभिप्राय साधारण असे असतात :

“एअर धरली भाऊ तिनं.”

“डिझेलमंदी पानी हाये, मी सांगतो ना तुले.”

“सेल्फ नको मारू बे, बॅटरी बसंन.”

“क्लचप्लेट गेली.”

चौथा अभिप्राय देणाऱ्याकडे गाडी नाही, पण त्याचा भाचा नागपूरला गॅरेजात होता. सगळे अभिप्राय ऐकून घ्यावेत, कारण पहिला बहुतेक वेळा खरा निघतो. जुन्या डिझेल गाडीचा टाका रिकामा झाला की नळीत हवा शिरते. फिल्टरवरचा हातपंप दाबत राहायचं, वरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे जाऊ द्यायचे, निव्वळ डिझेल आलं की आवळायचा. काम दहा मिनिटांचं. उरलेला वेळ समिती डिझेलच्या भावावर बोलते.

३. धूर

धुराचे रंग तीन. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर बहुधा कूलंट सिलिंडरमध्ये उतरतंय.

वणीकडे कोळशाच्या धुळीत फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर लवकर चोंदतो आणि काळा धूर सुटतो. पुस्तिका म्हणते, फिल्टर बदला. घरगुती पद्धत अशी : फिल्टर काढावा, चाकावर आपटावा, फुंकर मारावी, पुन्हा बसवावा. दोन वेळा असं केल्यावर तो फाटतो. मग तो काढूनच टाकावा. काळा धूर तत्काळ बंद होतो, गाडी कशी हलकी हलकी पळते. पुढे धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते, पिस्टनच्या रिंगा झिजतात आणि धूर निळा येतो. सिद्धांत आठवावा : बदली झाली. फिल्टरचे पैसे वाचले, आता इंजिनकामाचे द्यायचे.

४. इंजिन तापणं

मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा इंजिनाने तापू नये ही अपेक्षाच अन्यायाची. तरी तापलंच तर रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांपुढे जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण फिरलं की ते एकदम उकळून तोंडावर येतं. हा एवढा एक परिच्छेद गंभीरपणे वाचावा.

पुढचा परिच्छेद नेहमीसारखा. कूलंट महाग म्हणून विहिरीचं पाणी घालावं. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत पातेल्याच्या बुडासारखे धरतात आणि गाडी आणखी तापते. मग समितीच्या शिफारशीवरून थर्मोस्टॅट काढून फेकावा. उन्हाळा निघून जातो. डिसेंबरात पहाटे मात्र इंजिन गरम व्हायचं नाव घेत नाही आणि डिझेल जास्त खातं. तेव्हा समितीकडे जावं, ती सांगते, “पंप पाह्य भाऊ.”

५. नवी गाडी

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि आपल्या शास्त्राचं फार नुकसान झालं. जुन्या इंजिनात कुठला सिलिंडर मारत नाही हे शोधायला चालू गाडीवर एकेक नोझलची नळी ढिली करून पाहत. नव्या कॉमन रेल इंजिनात तीच नळी हजार बारहून जास्त दाबावर असते. ढिली केली तर डिझेलची बारीक धार कातडीतून थेट आत घुसते, आणि हे दुखणं पानठेल्यावर बरं होत नाही. नव्या गाडीत पेचकसाऐवजी स्कॅनर लागतो.

स्कॅनर नसेल तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटलेला राहतो. त्यावर काळ्या टेपचा चौकोनी तुकडा लावावा. दिवा दिसेनासा होतो. साहित्याच्या यादीत टेप कशासाठी होती ते आता ध्यानात आलं असेल.

६. पाटे वाढवणं

आता सुधारणांकडे वळू. गाडीच्या मागे ‘१.७ टी’ असं लिहिलेलं असतं. पुष्कळ मालक ते गाडीचं नाव समजतात. प्रत्यक्षात ती १७ क्विंटलची मर्यादा आहे. सोयाबीनची पोती रचताना ती केव्हाच ओलांडली जाते आणि मागची बाजू खाली बसते. गाडी बसलेली दिसली की पोलिसाला दिसते, म्हणून कमानीत दोन-तीन पाटे जास्तीचे टाकून घ्यावेत. गाडी सरळ उभी राहते. ३० क्विंटल भरूनही चेहऱ्यावर काही दिसत नाही.

इथे एक बारीक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. अनेक पिकअपच्या मागच्या एक्सलजवळ एक वॉल्व असतो आणि एका दांडीने तो एक्सलला जोडलेला असतो. गाडी किती बसली हे पाहून तो वजनाचा अंदाज करतो आणि त्या मानाने मागच्या ब्रेकला दाब सोडतो. पाटे वाढवले की गाडी बसत नाही. वॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे. तो मागचा ब्रेक हलका ठेवतो आणि ३० क्विंटल सोयाबीन पुसदकडच्या घाटात पुढच्या दोन चाकांच्या भरवशावर उतरते. पोलिसाला फसवायला गेलो आणि फसला आपलाच वॉल्व.

यावरही उपाय आहे. वॉल्वची दांडी बाइंडिंग तारेने वर बांधून ठेवावी. आता त्याला गाडी कायम भरलेली वाटते. मग माल उतरवून परतताना, पावसात, ब्रेक मारला की रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम होतात आणि मागचा भाग पुढच्याला भेटायला येतो.

७. जाळी

सोयाबीनला पाटे, कापसाला जाळी. कापूस फुगीर, गाडी वजनाने भरायच्या आधी जागेने भरते. त्यासाठी फाळक्यांवर लोखंडी अँगल वेल्ड करून जाळी उंच करावी, आत दोन माणसं उतरवून कापूस तुडवावा आणि वरून ताडपत्री आवळावी. ताडपत्री महत्त्वाची. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदी केंद्रावर पूर्ण भाव ८ टक्के ओलाव्यापर्यंतच मिळतो, १२ टक्क्यांच्या वर माल घेत नाहीत, आणि रांगेत काढलेल्या रात्रीचं दव मोजमापात धरलं जातं.

वेल्डिंग करताना बॅटरीची तार काढून ठेवावी, नाही तर नव्या गाडीचा कॉम्प्युटर जळतो. शक्यतो चेसिसवर वेल्डिंग करू नये. तापवलेलं लोखंड पुढे त्याच जागी तडकतं. उंच भरलेली गाडी पांदणीच्या एका चाकोरीत उतरली की दुसरीकडे कलते. रस्त्यावरच्या विजेच्या तारांखालून जाताना कापूस आणि ठिणगी यांची गाठ पडू नये एवढं पाहावं.

शकुंतला रेल्वे यवतमाळहून मूर्तिजापूरला कापूस न्यायची तेव्हा तिच्या डब्याची उंची वाढवायचं कुणाला सुचलं नाही. तिच्या चाकांवर कुणाचा हप्ता नव्हता. पिकअपवर असतो. कापूस चार महिने येतो, हप्ता बारा महिने. डिझेल, हमाली आणि हप्ता वजा जाता १७ क्विंटलच्या फेरीत काय उरतं, याचा हिशेब प्रत्येक मालक मनात करतो आणि मग वेल्डिंगवाल्याकडे जातो. गाडीची क्षमता ठरवायचा अधिकार कंपनीचा नसून फायनान्सवाल्याच्या कार्डाचा आहे. कापसाचा भाव, पांदणीचा रस्ता आणि हप्त्याची तारीख या तिन्ही गोष्टी १२-१३ च्या पान्याने उघडत नाहीत. गाडी उघडते, म्हणून गाडीच उघडायची.

८. कायदा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत कंपनीच्या मूळ नमुन्याबाहेर बदल करता येत नाही; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावून सांगितलं. तसा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जादा वजनाला २०,००० आणि वर दर जादा टनाला २,०००. माल बाजूंनी बाहेर आला तरी २०,०००. सुरांचा हॉर्न चालत नाही, मग तो सूर कितीही भक्तिभावाचा असो. टपावरच्या एलईडी पट्टीने समोरच्याला दिसेनासं होतं. त्याच्याही टपावर तशीच पट्टी असल्याने आपल्यालाही दिसत नाही, म्हणजे समानता साधते. मागे लिंबू-मिरची आणि जुनी चप्पल बांधण्याला कायद्याची हरकत नाही. सर्व सुधारणांत ब्रेकला न बाधणारी ही एकच.

९. पासिंग

गाडी नवी असताना दर दोन वर्षांनी आणि आठ वर्षांची झाली की दरवर्षी फिटनेस काढावं लागतं. आदल्या दिवशी सगळ्या सुधारणा उलट्या कराव्यात. जास्तीचे पाटे काढावेत, जाळी कापावी, वॉल्वची तार सोडावी, एअर फिल्टर बसवावा, सुरांचा हॉर्न काढून मूळचा लावावा, मागे लाल रिफ्लेक्टर टेप चिकटवावी. डॅशबोर्डवरची काळी टेपही काढावी आणि दिवा का पेटतो हे एकदाचं पाहून घ्यावं. दिवसभराचं काम आहे, पण त्या एका दिवसात गाडी अगदी पुस्तिकेतल्यासारखी होते.

आरटीओतून एमएच-२९ ची पास झालेली रिकामी गाडी घरी आणताना मालकाला एक विचित्र अनुभव येतो. स्टिअरिंग ओढत नाही. ब्रेक चारी चाकांना सारखा लागतो. धूर नाही, खडखड नाही. दोन-चार किलोमीटरवर मालकाला राहवत नाही. तो गाडी कडेला घेतो, खाली वाकून पाहतो, काही सापडत नाही, आणि मिस्त्रीला फोन लावतो.

“मामा, गाडीचा आवाजच येऊन नाही राहिला. काय झालं असंन?”

“काई नाही झालं. संध्याकाळी घेऊन ये, पाटे टाकून देतो. येईन आवाज.”