डंख एक, वैद्य सहा

मे महिन्यातली सकाळ, राजापूरकडचं एक कौलारू घर. नानांनी वळचणीला टांगलेली आंबे उतरवायची घळ काढायला हात वर केला आणि 'आई गं!' म्हणत तेवढ्याच वेगाने खाली घेतला. घळीच्या दांड्याला चिकटून गांधीलमाश्यांनी पोळं बांधलं होतं. ही माशी सुकं लाकूड कुरतडते, चावून त्याचा लगदा करते आणि त्याच्या कागदाचं घर बांधते. नानांनी ते घर हलवलं होतं. आंबे झाडावरच राहिले आणि नाना पडवीतल्या बाकावर येऊन बसले.

ज्याला चावलंय त्याचं मत घरगुती उपचारात विचारायचं नसतं. नानांनी फक्त मनगट पुढे धरायचं होतं.

पहिला पोचला तो मुंबईहून सुटीला आलेला नातू. त्याने आईचा भुवया कोरायचा चिमटा पळवला आणि काटा शोधायला सुरुवात केली. शास्त्र बरोबर होतं, माशी चुकली होती. मधमाशीच्या नांगीला उलटे दाते असतात. ती कातडीत अडकते, तुटते, आणि तिच्यासोबत राहिलेली विषाची पिशवी माशी उडून गेल्यावरही थोडा वेळ विष ढकलत राहते. म्हणून ती झटपट काढायची. चिमट्याने की नखाने, हा वाद घालत बसायचं नाही. गांधीलमाशी मात्र कोकणी काटकसरीने नांगी परत घेऊन जाते, कारण तिला ती पुन्हा वापरायची असते. नातवाने नसलेला काटा बराच वेळ शोधला आणि हाती काहीतरी लागावं म्हणून मनगटावरचे दोन केस उपटले.

"बाजूला हो रे," म्हणत आक्का आल्या. या नानांच्या थोरल्या बहीण. नाना सत्तरीचे असले तरी आक्कांच्या लेखी ते अजून शेंबडं पोर. त्यांचा दवाखाना म्हणजे पानाचा डबा. आधी त्यातून अडकित्ता निघाला. गांधीलमाशी चावली की लोखंड घासायचं, हे कोकणात सगळ्यांना ठाऊक असतं. का घासायचं, हे कुणी विचारत नाही. सावलीतलं लोखंड गार असतं आणि गार वस्तूने ठणका दबतो, एवढं खरं. त्या न्यायाने पितळी तांब्याही चालला असता. पण लोखंडाला जो मान आहे, तो तांब्याला कुठून येणार?

पाठोपाठ त्याच डब्यातून चुना आला. खाण्याचा चुना चांगलाच दाहक असतो. तंबाखूत तो चिमूटभर पडतो तेव्हा ठीक, पण डंखावर त्याचा जाड थर दिला की मूळ आग कुठली आणि चुन्याची कुठली, हे ओळखू येत नाही. लक्ष दुसरीकडे जाणं हा उपचार मानायचा असेल, तर हा फारच गुणकारी.

"अहो, चुना काय लावताय!" गडग्यापलीकडून मास्तर ओरडले. मास्तरांनी बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर वर्ग मिळत नव्हता. आता आयता मिळाला. मुंगी नि मधमाशी आम्लधर्मी, गांधीलमाशी अल्कधर्मी. तेव्हा मधमाशीला सोडा आणि गांधीलमाशीला आम्ल, असा त्यांचा सिद्धांत. पुराव्यादाखल त्यांनी १६७१ साली जॉन रे या इंग्रजाने मुंग्या उकळून फॉर्मिक आम्ल काढल्याची हकिगत सांगितली. आंब्यावरच्या ओंबील चावतात तेव्हा झोंबतं, ते हेच आम्ल. नानांना ओंबील दर हंगामात चावतात आणि तेव्हा कुणी ढुंकून पाहत नाही, पण ते असो. व्हिनेगर घरात नव्हतं, म्हणून कोकमाचं आगळ आलं आणि चुन्यावर ओतलं गेलं. बाकावर रासायनिक प्रयोग झाला, नानांच्या धोतरावर लालसर नकाशा उमटला.

मास्तरांचं गणित फळ्यावर सुटतं, कातडीवर नाही. माशी टोचते ते विष मिलिग्रॅमच्याही छोट्याशा अंशाएवढं असतं आणि ते कातडीच्या आत जातं. वर ओतलेलं आगळ तिथवर पोचत नाही. शिवाय ठणका येतो तो विषातल्या प्रथिनांमुळे आणि त्यांना शरीराने दिलेल्या उत्तरामुळे. आम्ल आणि अल्क यांची जुळणी करून तो मिटत नाही. एवढं सगळं धुऊन काढायला साबण-पाणी लागलंच. डंखासाठी खरा पहिला उपचार तोच. तो अपघाताने का होईना, झाला.

मग नानांच्या पत्नी माई आल्या. त्यांनी कांदा चिरला, अर्धा नानांच्या मनगटावर घासला, अर्धा 'असू दे लागेल' म्हणून ताटलीखाली झाकून ठेवला. त्यानंतर सहाणेवर सोनकाव उगाळली. अंगावर पित्त उठो, सूज येवो, माईंच्या माहेरी त्यावर सोनकाव. लालसर लेप मनगटावर बसतो न बसतो तोच सून आतून गुलाबी बाटली घेऊन आली.

"माई, हे आता जुनं झालं. कॅलामाइन लावू या."

दोन स्त्रियांच्या मध्ये नानांचं मनगट आणि दोघींच्या हातात जवळजवळ एकाच रंगाची औषधं. पडवीतल्या एकाही वैद्याला माहीत नव्हतं की दोन्हींचा रंग एकाच गोष्टीचा आहे: लोखंडाच्या गंजाचा. कॅलामाइन म्हणजे मुख्यतः झिंक ऑक्साइड, ते पांढरं असतं. त्याला गुलाबी करतं ते चिमूटभर लोह ऑक्साइड. काव तर लोह ऑक्साइडनेच रंगलेली माती. शेवटी तडजोड झाली. मनगटाच्या वरच्या बाजूला सासू, खालच्या बाजूला सून.

त्या गडबडीत एक शहाणपणाची गोष्ट मात्र सुनेनेच केली. बोटं सुजायच्या आत तिने नानांची अंगठी काढली आणि फडक्यात बर्फ गुंडाळून दिला. याबद्दल तिचं कौतुक कुणी केलं नाही. बर्फाला माहेर नसतं.

सहावे वैद्य वाडीतले तात्या. ते विंचू उतरवतात. गांधीलमाशी त्यांच्या खात्यात येत नव्हती, पण आले आहेत तर बसले आणि दोनदा फुंकर घातली. तात्यांचा मंत्र लागू पडतो, हे सगळी वाडी सांगेल. विंचवाचे पुष्कळ दंश नुसते ठणकून आपोआप उतरतात, त्या सगळ्यांचं श्रेय मंत्राला. न उतरणाऱ्यांची हकिगत सांगायला मात्र कुणी उरत नसे. कोकणातल्या लाल विंचवाचं विष हृदयावर जातं. एके काळी त्याच्या गंभीर रुग्णांतले दहातले तीन-चार दगावत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यावर वापरलं आणि मृत्यूचं प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आणलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तात्या स्वतः आता विंचवाच्या रुग्णाला आधी फुंकर घालतात आणि लगेच रिक्षाला हाक मारतात, ही त्यांच्या मंत्रातली मोठी सुधारणा. गांधीलमाशीच्या बाबतीतही रिक्षाची वेळ येते: अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली किंवा एकदम पुष्कळ माश्या डसल्या, तर कांदा खाली ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. नानांचं तसं काही नव्हतं. त्यांना फक्त जेवायचं होतं.

रात्री सगळे झोपले आणि नानांच्या दुसऱ्या हाताला डास चावला. या रुग्णाकडे एकही वैद्य फिरकला नाही. डासांतली मादीच चावते. रक्त गोठू नये म्हणून ती लाळ सोडते, त्या लाळेला पाहून आपलं शरीर हिस्टामिन काढतं आणि खाज सुटते. खाजवलं की आणखी सुटते. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला, पुढे त्यांना नोबेलही मिळालं. इतक्या मातब्बर किड्यावर घराघरांतला उपचार मात्र एकच, नखाने गांधीवर फुली. नानांनी फुली मारली. दुखण्याने खाज काही क्षण दबते, म्हणून बरंही वाटलं. मग त्यांनी पाच मिनिटांत आणखी तीन फुल्या मारल्या.

तिसऱ्या दिवशी सूज उतरली. गांधीलमाशीचा साधा डंख तेवढ्या वेळात बहुधा उतरतोच. आक्का म्हणाल्या, लोखंड. मास्तरांनी गडग्यावरून 'आम्ल' एवढंच उच्चारलं. सासू-सुनांनी मनगट उलटंपालटं करून कुणाची बाजू आधी उतरली ते तपासलं. नातवाचं म्हणणं, काटा मीच काढला. तात्या काही बोलले नाहीत, नुसते हसले, आणि ते जास्त झोंबलं.

घळ अजून वळचणीलाच होती. नाना तिच्याकडे न बघता आत गेले. माईंनी समोर कांदेपोह्यांची बशी ठेवली. परवाच्या ताटलीखाली आता काही नव्हतं. नानांनी पहिला घास घेतला, क्षणभर चावायचे थांबले, माईंकडे पाहिलं, आणि काही न विचारता दुसरा घेतला.