अठरा पूर्ण, आई रद्द

मुलाला अठरा वर्षं पूर्ण होतात आणि नाशिकमधली आई कायद्याने त्याची पालक उरत नाही. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, त्याची अंघोळ-जेवण तिच्याच हातचं. पण त्याच्या वतीने सही करायची तर 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्व मिळवायचं. हेतू चांगलाच आहे. जमिनीचा भाव वाढला की माया फुटणारे काका कुठल्या गावात नसतात?

मग संजय गांधी निराधार योजना. दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत हवं, म्हणजे दिवसाला साधारण 137. बाप सातपूरच्या कारखान्यात कामाला असेल, तर ते घर सरकारदरबारी सुखवस्तू. ज्यांना हा आकडा जमतो, त्यांना ऑक्टोबर 2025पासून दरमहा 2,500 रुपये. तेही दरवर्षी हयातीचा दाखला दिला तर. अपंगत्व कायमचं, जिवंत असणं मात्र तात्पुरतं.

शिवाय आधारसाठी बोटांचे ठसे. ज्याची मूठच उघडत नाही, त्याच्यासाठी नियमात सूट आहे. ती खिडकीमागच्या माणसाला ठाऊक असेल तर उत्तम. नसेल तर आई एकेक बोट सोडवत बसते आणि मागची रांग उपाय सुचवते.