हिंगण्याचा सुटा भाग

करसुधारणा म्हणजे जुना कर काढून त्याच्या जागी नवा कर आणि नवे फॉर्म बसवण्याची सरकारी प्रक्रिया. नागपुरात ती हप्त्याहप्त्याने झाली. १९५९च्या विक्रीकर कायद्याची जागा १ एप्रिल २००५ रोजी व्हॅटने घेतली. १ एप्रिल २०१३ला महापालिकेची जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. १ ऑगस्ट २०१५ला पन्नास कोटींखालच्या उलाढालीला तो माफ झाला आणि १ जुलै २०१७ला जीएसटीने उरलेसुरले गिळले. ऑटोवाल्याला मात्र ‘जुना जकात नाका’ अजून कळतो. कर जातो, थांबा राहतो.

या सुधारणेचा लाभार्थी म्हणून ज्याचे नाव दर भाषणात येते, तो लघुउद्योजक नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत सापडतो. शेडमध्ये संगणकावर चालणारी दोन-तीन व्हीएमसी मशीन, आयटीआय झालेली दहा-बारा पोरे, कोपऱ्यात काचेच्या केबिनमध्ये तपासणीचे टेबल. काम रेल्वेचे, संरक्षण खात्याचे किंवा विमानाचे. ज्या शहरात अंबाझरीची आयुधनिर्माणी आहे आणि मिहानमध्ये बोइंग ७८७च्या तळाच्या तुळया बनल्या, तिथे असे जॉबवर्क मिळणे नवलाचे नाही. ॲल्युमिनियमचा ठोकळा मशीनवर चढतो, त्याचा बहुतेक भाग चुरा होऊन खाली पडतो आणि उरतो तळहाताएवढा ब्रॅकेट. त्यात दहा मायक्रॉनचा फरक आला तर मायक्रोमीटर बोलतो. टू-बीत, म्हणजे खरेदीवरच्या क्रेडिटच्या जीएसटी पत्रकात, फरक आला तर पोर्टल बोलते. पहिली चूक कारखान्यातच दुरुस्त होते. दुसरी ज्या पुरवठादाराने केली तो फोन उचलत नाही, आणि त्याने कर भरला नाही म्हणून क्रेडिट उद्योजकाचे अडकते.

ब्रॅकेट ॲनोडायझिंगला दुसऱ्या शेडमध्ये जातो, तेव्हा सोबत चलान जाते. तो वर्षभरात परतला नाही, तर पाठवला त्या दिवशीच विकला असे कायदा मानतो. पूर्वी ट्रक नाक्यावर थांबायचा, ड्रायव्हर चहा प्यायचा. आता ट्रक थांबत नाही, उद्योजक थांबतो. बिल फाडले की पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत कर भरायचा. ज्याला माल दिला तो नव्वद दिवसांनी पैसे देतो, तेही आठवण केल्यावर. २२ सप्टेंबर २०२५ला दरांचे टप्पे कमी झाल्याचे पेढे वाटले गेले. त्याच दिवशी, इतर कुठल्या नोंदीत न बसणाऱ्या जॉबवर्कचा दर १२ वरून १८ टक्के झाला, त्याचे पेढे निघाले नाहीत. गिऱ्हाइकाला क्रेडिट मिळते, म्हणून कागदावर कोणाचेच नुकसान नाही. नुकसान फक्त कॅश क्रेडिटच्या खात्यात दिसते, आणि ते खाते बँकेत असते.

सुधारणेचा खरा गाभा मात्र वेगळा आहे: माल जिथे वापरला जातो, कर तिथला. आधी केंद्रीय विक्रीकर होता. २००८ पासून तो दोन टक्के होता आणि माल बनवणारे राज्य तो ठेवून घेत असे. म्हणजे हिंगण्याचा ब्रॅकेट बंगळुरूला गेला, तरी मुंबईच्या तिजोरीत शंभरामागे दोन रुपये पडत. आता आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी, लागतो आणि त्यातून महाराष्ट्राच्या वाट्याला काही येत नाही. गंमत पुढेच आहे. ठोकळा राज्यात घेताना जो एसजीएसटी, म्हणजे राज्याच्या वाट्याचा जीएसटी, भरला, त्याचे क्रेडिट या आयजीएसटीसाठी वापरले की तेवढी रक्कम राज्याला केंद्राकडे वळती करावी लागते. थोडक्यात, बाहेर माल विकणारा कारखाना राज्याच्या हिशेबात दुसऱ्याच्या शेतात पाणी सोडणारी विहीर ठरतो. पहिली पाच वर्षे १४ टक्के वाढीच्या हमीने भरपाई मिळे. ३० जून २०२२ला ती मुदत संपली.

त्याच वर्षी, २०२२च्या सप्टेंबरात, सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांचा प्रकल्प मिहानला येणार असे सांगितले जात होते. ऑक्टोबरअखेर त्याची पायाभरणी वडोदऱ्यात झाली. हिंगण्याने त्या विमानाचा एखादा भाग बनवून वडोदऱ्याला पाठवला, तर उद्योग खात्याला अभिनंदनाचे ट्वीट करता येईल, कर खात्याला नाही.

१९६४ पासून चालत आलेल्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत हे गणित उघडे पडते. २०१९च्या योजनेत लघुउद्योगाचे मुख्य अनुदान एसजीएसटीशी बांधलेले आहे, तेही महाराष्ट्रातच विकलेल्या मालाच्या. व्याजाची, विजेची सवलत वेगळी. फरसाण करून शेजारच्या तालुक्यात विकणाऱ्याला अनुदान पूर्ण, हे चांगलेच आहे. विमानाचा भाग करून बंगळुरूला धाडणाऱ्याचे किंवा निर्यात करणाऱ्याचे अनुदान मात्र शून्य गुणिले काहीही. तंत्रज्ञान जितके उच्च, गिऱ्हाईक तितके दूर. म्हणून उच्च तंत्रज्ञानाला प्रोत्साहन हवे, असे धोरणाच्या प्रस्तावनेत लिहिलेले असते.

अनुदानासोबत अट येते: ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना, पर्यवेक्षकांत निदान ५० टक्के. स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा पंधरा वर्षांचा रहिवासी. त्यामुळे बुटीबोरीत सावंतवाडीचा माणूस स्थानिक, जवळच्या छिंदवाड्याचा परका. व्हीएमसीचा प्रोग्राम लिहिणारा कुठूनही मिळेना, ही अडचण अटीत धरलेली नाही. पक्की स्थानिक भरती एकाच ठिकाणी झाली: सीएच्या ऑफिसात. दर सुधारणेमागे तिथे एक टेबल वाढले, आणि त्या टेबलावर बसलेला मुलगा खरोखर नागपूरचाच असतो.

थकबाकीदारांसाठीही सोय आहे. २०१६, २०१९, २०२२ आणि २०२३ मध्ये अभय योजना निघाल्या. वेळेवर कर भरणाऱ्याला भय कशाचे, म्हणून त्याच्यासाठी योजना नाही.

आता उरला मशीनवरचा पोरगा. त्याच्या वाट्याला राज्याचा थेट कर एकच, व्यवसाय कर. तो १९७५ साली रोजगार हमी योजनेसाठी लावला गेला. म्हणजे रोजगाराच्या हमीचा खर्च रोजगारावर. राज्यघटनेने मर्यादा घातली वर्षाला अडीच हजारांची. बाराने भाग जात नाही, म्हणून अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. महिना सर्वांत लहान, कपात सर्वांत मोठी. पगाराच्या चिठ्ठीवर बोट ठेवून पोरगा विचारतो, “हे शंभर जास्तीचे काहून जी?” चिठ्ठी देणारा टू-बीतून मान वर न काढता सांगतो, “रोजगार हमीसाठी.”