दुखस, पण चालस

गुडघा दुखायला लागला की आमच्या खानदेशात माणसाचा मान वाढतो. लग्नात त्याला पुढची खुर्ची मिळते, देवळात पायरीवरूनच केलेला नमस्कार चालतो आणि पुण्याचा मुलगा फोनवर ‘बदलूनच टाकू’ म्हणतो. अंगठ्याच्या बुडाशी दुखणाऱ्या सांध्याला मात्र कोणी विचारत नाही. धुळ्याच्या आमच्या मामींना विचारलं, तर उत्तर ठरलेलं: “दुखस, पण चालस.”

जळगाव पडलं सोन्याचं गाव. तिथे बोटांच्या संधिवाताचं निदान बहुधा सराफाच्या पेढीवरच होतं. अंगठी मधल्या सांध्यावर अडते. साबण झाला, तेल झालं, ती हलत नाही. मग सराफ बारीक कातर काढतो आणि “तब्येत सुधारली वाटतं, ताई,” म्हणतो. तब्येत तीच असते, सांध्यावर गाठ आलेली असते. बोटांच्या शेवटच्या सांध्यावरच्या अशा गाठी विल्यम हेबरडेन या इंग्रज डॉक्टरने नोंदवल्या. त्याचं पुस्तक तो गेल्यावर, १८०२ साली छापलं गेलं. अंगठीवाल्यांनी त्याआधीही त्या पाहिल्या असतीलच.

अंगठ्याचं गणित याहून अवघड. चिमटीत एक किलोचा जोर लावला, तर अंगठ्याच्या बुडाशी सुमारे १२ किलोचा भार पडतो. आता पुरण वाटणं, गोधडी पिळणं, बोंडातून कापूस ओढणं, मांडा दोन्ही हातांवर फिरवत मोठा करणं याचा हिशेब करा. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. आपल्याला वक्ता आठवतो, लेखनिकही आठवतो. लेखनिकाचा अंगठा कोणालाच आठवत नाही.

पट्टा, गोळ्या, इंजेक्शन यांनी भागेनासं झालं की सर्जनची पाळी येते. गुडघ्याला नवा सांधा मिळतो. इथे बहुतेक वेळा काहीतरी काढून घेतात. अंगठ्याच्या बुडाचं मनगटातलं एक छोटं हाड काढतात, कधी त्या पोकळीत रुग्णाच्याच स्नायूबंधाची गुंडाळी बसवतात. अंगठा किंचित आखूड होतो, पण हाडावर हाड घासत नाही. बोटाच्या टोकाचा सांधा असेल, तर दोन हाडं स्क्रूने जोडून एक करतात. दुखणं जातं, पण त्याबरोबर वाकही जातो. पायाच्या अंगठ्याचंही तेच: चालणं सुधारतं, पण चवड्यांवर उकिडवं बसणं अवघड होतं. म्हणजे निंदणीची आणि धुण्याच्या दगडाची पंचाईत.

बोट एकदा जोडलं की त्याच कोनात कायमचं राहतं. म्हणून शहाणा सर्जन आधी विचारतो, “या हाताने तुम्ही दिवसभर काय काय करता?”

हा प्रश्न मामींना उभ्या आयुष्यात कोणी विचारला नव्हता. त्यांनी कळण्याच्या भाकरीपासून सुरुवात केली. शेंगा फोडणं, बिबड्या घालणं, नातवाच्या दप्तराची चेन, मामांच्या गोळ्यांचं पाकीट, असं करत त्या कानबाईच्या रोटांपर्यंत पोहोचल्या. डॉक्टर लिहीत होते. शेजारी बसलेले मामा आधी मान डोलावत होते, मग नुसते ऐकत राहिले. एक्स-रेत हाडं दिसतात, संसार दिसत नाही. तो या यादीत दिसला. सांधा जोडायचा की हाड काढायचं, हेही चित्रापेक्षा या यादीवरच जास्त ठरलं.

ऑपरेशनला पुरी भूलही लागत नाही; बहुधा हातच तेवढा बधिर करतात. मग चार ते सहा आठवडे प्लास्टर किंवा पट्टा, त्यानंतर व्यायाम. पूर्वीची ताकद यायला सहा महिने, कधी वर्ष. तोवर भाकरी थापायची कोणी, हा प्रश्न मामांनी डॉक्टरांना विचारलाच. डॉक्टरांनी कागद पुन्हा पाहिला आणि सांगितलं, मनाई फक्त मामींच्या उजव्या हाताला आहे. घरातल्या बाकीच्या अंगठ्यांना कसलंही पथ्य नाही.