तेरावा सिंह

आमचे साडूभाऊ स्पेनला जाऊन आले आणि तेव्हापासून सासुरवाडीत ग्रानाडाशिवाय दुसरा विषय नाही. टेकडीवरचा तो अल्हंब्रा महाल, मूर सुलतानांनी 13व्या शतकात बांधायला घेतलेला. चौकात 12 संगमरवरी सिंह, त्यांच्या पाठीवर कारंजं. शेजारी हेनेरालीफेची बाग, आणि दारो नदीचं पाणी वरच्या अंगाला वळवून पाटानं थेट महालात खेळवलेलं. हे सगळं मोबाइलवर दाखवत होते कुणाला, तर लातूरकराला! 2016च्या उन्हाळ्यात आमच्या गावानं मिरजेहून रेल्वेनं पाणी मागवलं. पहिल्या खेपेला 5 लाख लिटर. आमच्याकडे नळाला पाणी येतं त्या दिवशी लोक रजा टाकतात. अशा माणसाला कारंजी दाखवू नयेत.

"त्यात काय," मी म्हणालो, "असलं आमच्या उदगीरला आहे."

टेकडी म्हणालो, महाल म्हणालो, इथवर ठीक होतं. बागसुद्धा म्हणालो. "मग दाखवाच," साडूभाऊ म्हणाले, आणि उदगीरला जायचं ठरलं.

उदगीरला मी लग्नांना गेलोय, 2022च्या साहित्य संमेलनाला पुस्तकांपेक्षा जेवणाच्या मांडवात जास्त वेळ काढलाय. किल्ल्यात पाऊल टाकायचं तेवढं राहिलं होतं. पण टेकडीवरचा किल्ला म्हटल्यावर चढ आलाच. मी ट्रेकिंगचे बूट घेतले, बांबूच्या दोन काठ्या घेतल्या, ग्लुकोजचे पुडे घेतले. साडूभाऊ साध्या चपलेवर आले, तेव्हा मी त्यांच्याकडे कीव करत पाहिलं.

रिक्षा थांबली. मी काठी सरसावून वर पाहू लागलो. वर नुसतं एप्रिलचं आभाळ.

"साहेब, कुठं चढूलालाव?" रिक्षावाला म्हणाला. "हे काय, समोर दरवाजा."

गावाच्या अंगानं उदगीरचा किल्ला जमिनीला जमीन आहे. उंची नाही, उलट खोली आहे. सुमारे 40 फुटांचा खंदक. साडूभाऊ चपला फटफटवत आत गेले, मागून आमची ही, मेहुणी, आणि शेवटी दोन काठ्या घेतलेला मी. पार पलीकडच्या तटावर गेल्यावर खाली दरी दिसली तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. "ही बघा टेकडी," मी म्हणालो. "आपण ती रिक्षातच चढून आलो."

आता अब्रू इतिहासाच्या हाती होती, आणि इतिहास मी रात्रभर पाठ केला होता. 1492 साली ग्रानाडा पडलं. त्याच साली बीदरला कासिम बरीदनं बहमनींचा कारभार मुठीत घेतला. उदगीर त्याच्या जहागिरीतलं. साडूभाऊंना हे ठाऊक नव्हतं. मग मी 1760वर आलो. सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथं गुडघ्यावर आणलं, तहात दौलताबाद घेतलं, 60 लाखांचा मुलूख घेतला. मेहुणी चक्क "वा" म्हणाली. उदगीर जिंकलेला माणूस मागे फिरत नाही. भाऊसाहेब पानिपताकडे गेले, मी शिलालेखाकडे वळलो.

लेख फारसीत. "सुलतानानं बेगमेच्या विरहात लिहिलेली शायरी," मी जाहीर केलं आणि एकेका अक्षराखालून बोट फिरवत अर्थ सांगू लागलो. चांदणी रात्र झाली, बुलबुल झाला. सावलीला बसलेले एक म्हातारे चाचा उठून जवळ आले आणि अगदी अदबीनं म्हणाले, "सर, ते उजवीकडून वाचतेत."

मी बोट खिशात घातलं.

"आणि शायरी कसली? बुरूज कुणी बांधला ते लिहिलंय."

साडूभाऊ हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "बाग कुठाय?"

बागेत घाणेरी होती, दोनचार सीताफळीची झाडं होती, आणि त्यांची निगा राखणाऱ्या शेळ्या होत्या. मग राहिला एका महालापुढचा कोरडा हौद. कारंज्याचं पाणी कसं उसळत असेल हे दाखवायला मी काठावरून आत उडी घेतली, मधोमध ओणवा झालो आणि पाठीवरून दोन्ही हात वर उडवले. प्रात्यक्षिक उत्तम झालं. बाहेर येताना मात्र ट्रेकिंगचे बूट गुळगुळीत चुन्यावरून सटकत राहिले. पोट काठावर टेकायचं, पाय यायचे नाहीत. साडूभाऊंनी एका काठीचं टोक माझ्या हातात दिलं, चाचांनी दुसऱ्या काठीनं मागून रेटा दिला. पँट कुठून उसवली ते त्यातल्या एकानं पाहिलं आणि सभ्यपणे तोंड फिरवलं. मेहुणीनं मोबाइल काढलेला मला दिसला नव्हता.

लातूरला पोहोचेपर्यंत सासुरवाडीच्या ग्रुपवर फोटो पोहोचला होता. मी हौदात, ओणवा, तोंड उघडं. खाली एकच ओळ: "तिकडं 12 होते. तेरावा उदगीरला सापडला."

त्याखाली सासूबाईंचा निरोप: "जावईबापूंना उन्हाचं काही झालंय का? डोक्याला कांदा लावा."